पट्टीभर फट

इंजिनाला नवी पेटी बसली तर धाकट्याला तीन फायदे होते, आणि ते तिन्ही थोरलीने, त्याच्या वहिनीने, भांडी विसळता विसळता मोजून ठेवले होते. एक, पाणी शेपटाला पोचणार. शेपट म्हणजे शेताचा पार खालचा, नदीपासून लांबचा तुकडा. तीन वर्षं तिथे पाणी पोचायचं ते पोचल्यासारखं करून परत फिरायचं, आणि तो तुकडा धाकट्याच्या वाट्याचा होता. दोन, पेट्रोल कमी लागणार. तीन, थोरलीची गरज संपणार.

तिसरा फायदा घरात कोणी बोलून दाखवला नव्हता. शहाण्या घरात असले फायदे बोलत नाहीत, नुसते होऊ देतात.

चौथाही एक होता. तो मात्र तिच्या मोजणीतून निसटला.

इंजिन एका भंगारातल्या मोटारीचं. चार सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं, रंग कधीच उडालेला. थोरल्याने, तिच्या नवऱ्याने, ते लोखंडी चौकटीवर बसवलं, मागे पंप जोडला आणि नदीकाठच्या दगडी खोलीत उभं केलं. त्या जातीच्या इंजिनाच्या कुशीत एक डबी असते, वर टोपण, आत दोन चिमुकल्या टिकल्या. त्यांना पॉइंट म्हणतात. टिकल्या मिटतात, उघडतात. उघडल्या की ठिणगी पडते. किती उघडाव्यात याला माप असतं, नखाच्या जाडीएवढं. आठ दिवस झाले की टिकल्यांवर काजळी धरते, माप बिघडतं, मग त्या कानशीने घासून पुन्हा फट लावावी लागते. फट कमी पडली तर ठिणगीला उशीर होतो आणि इंजिन लंगडतं. जास्त झाली तर ठिणगी घाई करते, आणि हँडल मारून इंजिन चालू करणाऱ्याच्या हातातच ते उलटं फिरतं.

फट मोजायची पट्टी नदीत पडली तेव्हा थोरल्याने ओटीवरच्या घड्याळाची स्प्रिंग कापून तिचा तुकडा केला. जाडी बरोबर तेवढीच निघाली.

"घड्याळ मारलंस रे," आई म्हणाली.

"आई, वेळ तिकडे हवीय. इथे काय, भूक लागली की कळतंच."

घड्याळ भिंतीवर तसंच राहिलं, पावणेअकरा वाजवत. डबी भिंतीकडच्या अंगाला होती आणि थोरल्याचे पंजे फावड्यासारखे, म्हणून ते काम त्याने बायकोला शिकवलं. "तुझी बोटं चोराची आहेत," तो म्हणायचा. "बाहेर फुकट गेली असती."

तर पेटीचा विषय निघाला तो जेवताना. नदी खाली गेली होती, पाणी आता दोन हात जास्त उचलावं लागत होतं, आणि इंजिन तीन ठोके देऊन चौथ्याला उसासा टाकत होतं. शेपटाचं पीक कडेकडेने पिवळं पडायला लागलं होतं.

"टिकल्याच काढून टाकायच्या," धाकटा ताटाकडे बघून म्हणाला. "त्यांच्या जागी चुंबकाची चकती आणि एवढीशी पेटी. घासायला नको, मापायला नको. डॉक्टरला विचारलंय मी."

डॉक्टर म्हणजे बाजाराच्या गावचा मिस्त्री. पेचकसाची मूठ कानाला लावून तो इंजिनाची छाती तपासायचा, आणि पेशंट उठला नाही तरी स्वतः चहा घेऊनच उठायचा, म्हणून डॉक्टर.

"उलटं मारत नाही म्हणे पेटी असली की," धाकटा पुढे म्हणाला. "लहान पोरानेसुद्धा हँडल मारावं."

जेवताना कोणाचा तरी घास थांबला. आईचा असावा.

"मग ताई मोकळ्याच होतील," जाऊ म्हणाली, धाकट्याची बायको. तिचा आवाज मऊ होता. ती कापायची ते नेहमी मऊ आवाजात. "किती वर्षं त्या तेलात हात घालायचे? नखं बघा त्यांची. भावाकडे जाऊन येतील चार दिवस."

चार दिवस म्हणजे किती, हे थोरलीने विचारलं नाही. तिच्या भावाने तिला 'कधीही ये' म्हटलं होतं, आणि ज्याला कधीही ये म्हणतात त्याला कधी ते कोणी सांगत नाही.

"शेपट वाळायला नको," ती एवढंच म्हणाली आणि ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी ती इंजिनखोलीतून आली तर जाऊ तिच्या खोलीत हातात मापाची दोरी घेऊन उभी. नवरा गेल्यापासून थोरली नदीकाठच्या त्या खोलीला लागून असलेल्या खोपटात झोपायची. भिंतीला भिंत, इंजिनाने श्वास टाकला तरी तिला कळायचा.

"काही नाही ताई, बघत होते. पोती उभी राहतात का आडवी."

"आडवी राहतील," थोरली म्हणाली. "उभं राहायला छप्पर कमी पडतं. मला ठाऊक आहे, मी वाकून राहते."

जाऊ हसली. टोमणा कळूनही हसायचं, हा तिचा गुण होता.

त्या संध्याकाळी थोरलीने शेवटच्यांदा टिकल्या लावल्या. टोपण काढलं, कानस फिरवली, फडक्याने पुसलं. काड्यापेटीत घड्याळाच्या स्प्रिंगची पट्टी होती, ती तिने बाहेर काढली, बघितली आणि परत ठेवली. तीन वर्षं तिने ती वापरली नव्हती. कॅलेंडरच्या पानाचा कपटा दुमडून ती तेवढीच फट ठेवायची, पट्टीच्या अर्धी. इंजिन लंगडायचं, टिकल्या लवकर जळायच्या, आठाचे पाच दिवस व्हायचे. पण हँडल हातात नीट राहायचं.

तीन वर्षांपूर्वी तिने पट्टीने लावल्या होत्या. पहिल्यांदाच एकटीने, आणि थोरल्याने तपासल्या नव्हत्या. "तू लावल्यास ना? मग झालं." दुसऱ्या दिवशी सकाळी ती चोकची तार धरून उभी होती. त्याने हँडल अर्धं वर आणलं, आणि इंजिनाने ते त्याच्या हातातून उलटं हिसकलं. तो मागे गेला. मागे पंपाची लोखंडी कड होती. आवाज काही मोठा नव्हता. तिला वाटलं, हँडलच पडलं. हँडलही पडलंच होतं.

भिंतीला धरून उठायचा त्याने प्रयत्न केला असावा. तेलाचा एक पंजा भिंतीवर उमटला होता, पाची बोटं. सगळी खोली नंतर दोनदा चुन्याने रंगवली. रंगवणारा दोन्ही वेळा त्या पंजाला वळसा घालून गेला.

आईने तेव्हा एकदाच विचारलं होतं, उंबऱ्यात बसून. "काल टिकल्या तूच लावल्या होत्यास ना?"

"हो."

बस. पुन्हा कोणी काही विचारलं नाही, म्हणाले नाही. म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

तेव्हापासून हँडल मारणं तिच्याकडे आलं. धाकटा खोलीच्या दारापर्यंत यायचा, पेट्रोलचा डबा उंबऱ्यावर ठेवायचा आणि परत फिरायचा. थोरली हँडल उचलायची, आणि मारायच्या आधी मान न वळवता मागे म्हणायची, "सरका जरा." हँडल आणि पंपाच्या कडेमध्ये माणूसभर जागा होती, ती रिकामी असायची. तरी म्हणायची. पहिल्या आठवड्यात चुकून निघालं तोंडातून. आणि मग एक दिवस म्हणायचं विसरली तर हँडलला हात लावताना मानेवरचा केस न् केस उभा राहिला. कोणी तरी तिथे होतं आणि सरकलं नव्हतं.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला तो सायकलला पिशवी अडकवून, उन्हं वर आल्यावर. आधी चहा घेतला, मग इंजिन चालवून बघायला सांगितलं. थोरलीने "सरका जरा" म्हटलं; डॉक्टर मुकाट्याने बाजूला झाला, त्याला वाटलं आपल्यालाच. इंजिन लागलं. डॉक्टरने पेचकस टेकवून मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"हे लंगडत नाहीये," तो म्हणाला. "हे घाबरतंय. बंद करा."

टोपण उघडून त्याने आत डोकावलं. बोट घालायला गेला तर बोट भिंत आणि लोखंडात अडकलं.

"ही फट कोणी लावली? यात मुंगीचा पाय जायचा नाही."

"मी."

"पट्टी नाही तुमच्याकडे?"

तिने काड्यापेटी उघडून दाखवली. डॉक्टरने आपल्या पात्यांचा जुडगा काढला, एकेक पातं पट्टीला लावून बघितलं आणि भुवया वर केल्या. "घड्याळाची ना? वा. माप चोख आहे. मग हिने का नाही लावत?"

"हिने लावल्या की उलटं मारतं."

"कोण म्हणालं?"

थोरलीने भिंतीवरच्या पंजाकडे बघितलं. डॉक्टरनेही बघितलं. बाजाराच्या गावापर्यंत ती हकीकत पोचलेलीच होती.

"हे बघा बाई," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "या पट्टीने लावलं तर उलटं मारत नाही. समजा हात चुकला, फट दुप्पट झाली. तर झटका देईल. मनगट मुरगळेल, फार तर मोडेल. पण धडधाकट गडी असा मागे फेकला जायला..." त्याने वाक्य तिथेच सोडलं आणि पाना शोधायला लागला.

दारात सावली हलली. धाकटा उंबऱ्याबाहेर उभा होता. पाठ त्याने खोलीकडे केली होती.

"इथे माझा हात चालत नाही," डॉक्टर म्हणाला. "अख्खी डबीच काढू, बाहेर बसून आत पेटीचं सामान भरू. भाऊ, येता का जरा धरायला?"

"डबी कशाला काढायची?" धाकट्याने वळून विचारलं. "नवीन येतं ना सगळं?"

"सगळं कुठे? आत बदलतं ते दोन टिकल्या आणि एक नळकांडं. धड जुनंच राहतं."

धाकट्याच्या कपाळावर घाम होता, पण घाम त्या दिवशी सगळ्यांच्याच कपाळावर होता.

डॉक्टरने खडूने एक रेघ ओढली, अर्धी डबीवर, अर्धी इंजिनाच्या अंगावर. "ही रेघ बघा. डबी बुडाशी गोल फिरते, आणि ती या पकडीने आवळून धरलेली असते. जशी होती तशीच परत बसायला हवी. रेघेला रेघ. पुसली तर मला शोधत बसावं लागेल, आणि भूक लागली की मला काही सापडत नाही." मग त्याने पकडीचा बोल्ट सोडवला, डबी उपसली आणि थोरलीच्या हातात दिली. "जरा पुसून द्या."

पुसून म्हणाला होता. पण त्या बाईला पुसणं ठाऊक नव्हतं, धुणं ठाऊक होतं. तीन वर्षं ती डबीच्या आतल्या टिकल्या सांभाळत होती, बाहेरून ती कधी हातात आलीच नव्हती; बुडाशी बोटभर काळा थर. तिने वाडग्यात पेट्रोल ओतलं, दात घासायचा जुना ब्रश घेतला, आणि लेकराचे कान धुवावेत तशी ती डबी खाचाखोचांतून धुतली. थर सुटत गेला, आतून पांढुरका धातू वर आला.

"रेघ?" डॉक्टरने विचारलं.

थोरलीने डबी फिरवून बघितली. "गेली."

"बाई, मी पुसायला सांगितलं. तुम्ही तर न्हाऊ घातलंत."

"चुकलं."

"आता चुकलं म्हणून..." डॉक्टर डबी उजेडाकडे धरून थांबला. "थांबा थांबा. इथे तर खुणाच खुणा आहेत. इतकी वर्षं तेलाखाली झाकून होत्या." त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "हे बघा. पकड आवळली की तिचा दात या मऊ धातूत रुततो. हा डावीकडचा चावा. बारीक बारीक, एकाच जागी, सोडलंय आवळलंय पुष्कळदा. हातात माप असलेला माणूस. आणि हा इकडे, उजवीकडचा. एकदाच. पण एवढा आवळलाय की धातू उकरून निघालाय. पानाही भलताच मोठा घेतलेला." त्याने दोन्ही चाव्यांच्या मध्ये तर्जनी ठेवली. ती बरोबर मावली. "बोटभर अंतर. मग चालत कशावर होतं? डाव्यावर का उजव्यावर?"

प्रश्न त्याने खोलीलाच विचारला होता. उत्तर नसतं मिळालं तरी त्याने बल्ब लावून ठिणगीची वेळ शोधलीच असती. अर्धा तास गेला असता, इतकंच.

"मला नाही माहीत," थोरली म्हणाली. "हा बोल्ट मी कधी सोडलाच नाही. मी फक्त टिकल्या."

"डाव्यावर," दारातून आवाज आला. धाकटा नदीकडे बघत होता. डबी त्याने बघितलीसुद्धा नव्हती. "उजवा नको. उजव्यावर उलटं मारतं."

डॉक्टरचा हात होता तिथे राहिला. वाडग्यातल्या पेट्रोलवर एक गांधीलमाशी पडली होती, तिचे पंख वाजत होते, ते ऐकू यायला लागले.

"भाऊजी," थोरली म्हणाली.

तो वळला नाही.

"उजव्यावर कधी चालवलं होतं?"

"चालवलं नाही."

"मग कसं माहीत?"

"एकदाच." त्याने दाराची चौकट धरली. "दादाने."

माशीचे पंख थांबले. थोरली खाली बसली नाही. तिने वाडगा उचलून बाजूला ठेवला, कुणाचा पाय लागायला नको म्हणून.

"मी तेवढं... मी बाहेर तंबाखू मळतो जरा," डॉक्टर पुटपुटला.

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. "तुमचं काम अर्धं आहे."

धाकटा बोलायला लागला तो पाठमोराच. "एका ट्रकवाल्याने सांगितलं होतं, बोटभर उजवीकडे दाबलं की जोर वाढतो. शेपटाला पाणी पुरत नव्हतं. दादा म्हणायचा, जेवढं इंजिन तेवढंच पाणी. मला वाटलं, करून दाखवावं. संध्याकाळी केलं, तुम्ही टिकल्या लावून गेलात त्यानंतर. सकाळी सांगणार होतो."

"मग?"

"डोळा उघडला नाही. उशीर झाला." त्याने चौकट सोडून परत धरली. "मी येतच होतो वहिनी. पायवाटेवर होतो. हाक मारायला तोंड उघडलं होतं."

"परत डाव्यावर कोणी आणलं?"

"मीच. सगळे त्याला घेऊन वर गेले तेव्हा."

"त्या वेळी सुचलं तुम्हाला हे?"

"आईने पाठवलं. म्हणाली, पाना राहिलाय तुझा खाली, तो घेऊन ये, आणि जसं होतं तसं करून ये. आदल्या संध्याकाळी तिने मला पाना घेऊन खाली जाताना बघितलं होतं."

थोरलीने आपल्या नखांकडे बघितलं. दर पाच दिवसांनी एकदा, तीन वर्षं. दोनशेच्या आसपास वेळा तिने तो कॅलेंडरचा कपटा दुमडला होता, आणि प्रत्येक वेळी मनात माफी मागितली होती. मागितली होती आणि मिळाली नव्हती. मिळणार कशी? ज्याच्याकडे मागत होती त्याचं तिच्याकडे काही बाकीच नव्हतं.

"डाव्यावर बसवा," ती डॉक्टरला म्हणाली.

डॉक्टरने जन्मात एवढं गप्प राहून काम केलं नसेल. टिकल्या काढून खिडकीच्या फळीवर ठेवल्या. दांड्यावर चुंबकाची चकती चढवली, तिच्या शेजारी काळा ठोकळा पेचाने बसवला, दोन वायरी बाहेर काढल्या. डबी परत इंजिनाच्या कुशीत गेली, पकडीचा दात डाव्या चाव्यात गेला आणि जणू घरी आल्यासारखा बसला. पेटी भिंतीला ठोकली. ठोकायला खिळा घेऊन त्याने जागा शोधली, पंजाच्या जवळ गेला, आणि तोही वळसा घालून पलीकडे गेला.

"झालं," तो म्हणाला. "मारा हँडल."

थोरलीने हँडल खुंटीवरून काढलं आणि दाराकडे धरलं.

"या भाऊजी. आत या."

"वहिनी, मला नाही..."

"लहान पोरानेसुद्धा मारावं म्हणालात ना? या."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने उंबरा ओलांडला. दोन पावलांची ती खोली त्याला फार मोठी झाली असावी. पंजाच्या बाजूला न बघता तो इंजिनापाशी आला, हँडल भोकात घातलं.

"अंगठा हँडलभोवती घेऊ नका," ती म्हणाली. "बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटं आलं तर हात सुटायला हवा. असं. तुमच्या दादांनी शिकवलं मला." तिने त्याचा अंगठा आपल्या काळ्या बोटांनी उचलून जागेवर ठेवला. मग चोकची तार धरली आणि सवयीने म्हणाली, "सरका जरा."

धाकटा दचकून बाजूला झाला.

"तुम्हाला नाही," ती म्हणाली.

त्याने मागे बघितलं. मागे पंपाची कड होती आणि तिच्या अलीकडे माणूसभर रिकामी जागा. त्याने डोळे मिटले, आणि मारलं.

इंजिन पहिल्या फिरकीला लागलं.

ना तीन ठोके, ना उसासा. एकसारखा, भरीव, छातीत उतरणारा आवाज. पाणी पाइपातून सूं करत वर चढलं आणि पाटात धपकन पडलं. डॉक्टरने सवयीने पेचकस उचलला आणि खाली ठेवला. तपासण्यासारखं काही नव्हतं. थोरली उभी राहून ऐकत होती. हा आवाज नवा नव्हता. पेटीने नवं काही आणलं नव्हतं. तिच्या भीतीने इंजिनाच्या गळ्याला दिलेली गाठ तेवढी सोडवली होती. तीन वर्षांपूर्वीचं, थोरल्याच्या हातचं इंजिन बोलत होतं, जसं रोज सकाळी बोलायचं.

वरून आई आली. पायात काही न घालता, उतारावरून, एका हाताने हवेचा आधार घेत.

"थोरला आला का?" ती दारात येऊन म्हणाली. "कोण चालवतंय? थोरल्याने लावलंय का रे?"

मग तिला धाकट्याच्या हातातलं हँडल दिसलं. तिने त्याला खोलीच्या आत बघितलं. पांढरी स्वच्छ धुतलेली डबी बघितली. आणि सगळ्यात शेवटी थोरलीकडे बघितलं.

"आई," थोरली म्हणाली. इंजिनावरून बोलायचं म्हणून तिला आवाज चढवावा लागला, एरवी ती हळूच बोलली असती. "त्या दिवशी टिकल्या मीच लावल्या होत्या ना?"

म्हातारी उंबऱ्यावर बसली, बरोबर तीन वर्षांपूर्वी बसली होती तिथे.

"दोन होते गं माझे," ती म्हणाली. "सकाळी सकाळी एक गेला. दुसरा कशाला घालवू?"

"आणि मी?"

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. खोटं बोलता आलं असतं, पण त्या आवाजापुढे तिला बोलवलं नाही. "तुला मी मोजणीत धरलंच नव्हतं," ती म्हणाली.

डॉक्टर त्या दिवशी चहा न घेता गेला.

चार दिवसांत शेपटाला पाणी लागलं. कडेचं पिवळं आत सरकायचं थांबलं, मग हिरवं झालं. पेट्रोलचा डबा आठवड्याऐवजी दहा दिवस पुरायला लागला. धाकट्याने योजले होते ते फायदे एकेक करून त्याच्या दारात येऊन बसले. फक्त तिसरा, थोरली नकोशी होण्याचा, आला नाही, आणि चौथा, म्हणजे ती खुणांची डबी कायमची नजरेआड होण्याचा, तो तर त्याच्या हातातच फुटला. थोरलीच्या खोलीत पोती ठेवायची गोष्ट परत निघाली नाही. जाऊने एकदा "ताई, भावाकडे..." एवढं म्हटलं, तेव्हा धाकटा म्हणाला, "गप." त्याने बायकोला असं गप केल्याचं घरात कोणी ऐकलं नव्हतं.

थोरलीने मागितलं ते एकच. "पेटीला माणूस लागत नाही," ती म्हणाली. "हँडलला लागतो. ते रोज तुम्ही मारायचं, भाऊजी."

काड्यापेटीतली पट्टी तिने आईच्या उशाशी नेऊन ठेवली. काही बोलली नाही. घड्याळात ती परत बसणार नव्हती; तुकडा कापलेला होता.

आता सकाळी ती अंथरुणातच असते. उजाडलेलं असतं, भिंतीपलीकडे उंबऱ्याशी पावलं वाजतात आणि थांबतात. मग बराच वेळ काही वाजत नाही. पहिल्या दिवशी तिने बत्तीस श्वास मोजले होते. आता अठराला आलंय. त्याखाली जाईल असं वाटत नाही. वर ओटीवर म्हातारीही जागी असते आणि तीही मोजते, पावणेअकरा वाजवणाऱ्या त्या घड्याळाखाली. मग खुंटीवरून हँडल निघाल्याचा आवाज येतो, आणि धाकट्याचा, अगदी हलका, भिंतीला कान लावल्याशिवाय ऐकू न येणारा.

"दादा, सरक जरा."

आणि इंजिन लागतं.

त्या बोटभर चुकीचं देणं थोरल्याने एकदाच भरलं. थोरलीने दुसऱ्याचं भरलं, दर पाच दिवसांनी, तीन वर्षं. धाकटा आता रोज भरतो, अठरा श्वासांनी. म्हातारीकडे कोणी काही मागितलं नाही, म्हणून तिचं तेवढं फिटायचं राहिलंय.